एकट्यापुरता तंबू

विश्राम पागधरेने जुनी येझदी विकत घेतली तेव्हा दांडीत सगळ्यांना वाटलं, आता हा लग्न करणार. गावात मोटरसायकल यायची ती लग्नाच्या आगेमागेच. विश्राम तिशीला टेकलेला, बोईसरच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात फिटर, अंगावर कसली जबाबदारी नाही. वत्सलावहिनीने एकदोन मुलीही मनात धरून ठेवल्या होत्या. पण विश्रामने गाडीला मागे लोखंडी कॅरिअर बसवून घेतलं आणि सुट्टी मिळाली तसा समुद्राकडे पाठ करून सरळ डोंगराच्या वाटेला लागला.

सन पंच्याऐंशीचा हिवाळा होता तो. चिल्हारला हायवे ओलांडून, विक्रमगड मागे टाकून जव्हारच्या अलीकडे कुठेतरी रस्ता वर चढायला लागतो. तिथे एका वळणावर गाडी तापली म्हणून तो थांबला. रस्त्याखाली भात कापून मोकळं झालेलं छोटंसं रान होतं, सारवलेलं खळं होतं आणि खळ्याच्या कडेला बसून एक माणूस दोर वळत होता. त्याचं नाव सुका. चार दिवसांत तो आणि त्याची बायको ठकी भिवंडीकडे वीटभट्टीवर जायला निघणार होती.

"हितं झोपू का आज?" विश्रामने विचारलं.

"एकला?"

"एकटाच."

"काय करशील हितं?"

"काही नाही."

एवढं उत्तर सुकाला पुरलं. त्याने खळं दाखवलं आणि पुन्हा दोर वळायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आल्यावर विश्राम बराच वेळ तसाच पडून राहिला. आपल्याला काय वेगळं वाटतंय ते त्याला आधी कळेना. मग कळलं, आवाज नव्हता. दांडीत समुद्र आणि माणसं, दोन्ही कधी गप्प बसत नाहीत. बोईसरला तो खोलीत तिघांबरोबर राहायचा, तिघेही उत्तरेकडचे, तिघांच्या पाळ्या वेगळ्या, त्यामुळे खोलीत सदा कुणीतरी झोपलेलं, कुणीतरी स्टोव्ह पेटवत असलेलं, आणि "अरे पागधरे भाई, चाय पियोगे?" असं प्रेमाने उठवणारं. कारखान्यात तर मशीनच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागे. या खळ्यावर पहिल्यांदा त्याला आपण एकटे आहोत असं वाटलं, आणि ते फार बरं वाटलं.

पण अंग पार गारठलं होतं. आडोशासाठी हँडलला बांधलेला प्लास्टिकचा कागद आतून दवाने निथळत होता, खालून जमिनीचा ओलावा पाठीत शिरला होता. परत येताना दात वाजत असतानाही तो ठरवत होता, पुन्हा यायचं, पण तंबू घेऊन.

तंबू हवा म्हणणं सोपं, मिळणं कठीण. पालघरचा मांडववाला म्हणाला, "किती माणसांची पंगत आहे?" आणि विश्रामने "एक" म्हटल्यावर हसतच सुटला. शाळेतल्या स्काउटच्या मास्तरांनी आपुलकीने खोली उघडून हिरवा कॅनव्हासचा तंबू दाखवला. तो उचलायलाच दोन माणसं लागत होती. ताडपत्री शिवणाऱ्याकडे तळाचं कापड जोडून मिळेना. विश्राम फिटर माणूस. त्याने डोक्यात पक्कं ठरवलं होतं. घडी सीटच्या रुंदीबाहेर जाता कामा नये, नाहीतर घाटात समोरून एस.टी. आली की अडकायची. खांब तुकड्यातुकड्यांचे हवेत. दिवस मावळायच्या आत एकट्याला उभारता आला पाहिजे. आणि तळ शिवलेला हवा, विंचूकाट्याची भीती नको.

शेवटी मुंबईत डोंगर चढणाऱ्या लोकांचं सामान विकणारं एक दुकान आहे असं कळलं. तिथे तसा तंबू मिळाला. नारिंगी नायलॉनचा, ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा, उशीएवढी गुंडाळी होणारा. पण दोन प्रकार होते, एकट्याचा आणि दोघांचा.

"दोघांचाच घ्या," दुकानदार म्हणाला. "वजनात फारसा फरक नाही. बूट, पिशव्या आत राहतात. आणि कधी कोणी बरोबर आलं तर पंचाईत नको."

विश्रामने दोन्ही उघडायला लावले. एकट्याच्या तंबूत तो पडून बघायला आत शिरला. डोकं कापडाला लागत होतं, कुशीवर वळताना कोपर अडत होतं. तरी तिथे त्याला आवडलं. "पुढच्या आठवड्यात सांगतो," म्हणून तो परत आला.

हे सगळं त्याने दांडीला जेवताना वहिनीला सांगितलं. त्याचा मोठा भाऊ रामू ओसरीवर जाळं दुरुस्त करत होता, तो मधेच म्हणाला, "ईकत कशाला आनतो? शीड पडलाय ना माळ्यावर."

दादाचं ते बोलणं विश्रामने हसण्यावारी नेलं. तेवढ्यात कारखान्यात मोठी दुरुस्ती निघाली, सुट्ट्या बंद झाल्या, उन्हाळा गेला, पाऊस सुरू झाला. पावसात डोंगरात जायचंच नव्हतं. तंबूची खरेदी दसऱ्यावर गेली.

रामू विश्रामपेक्षा बराच मोठा होता. वडील गेले तेव्हा विश्राम पाटी घेऊन शाळेत जायला लागला होता, आणि रामू शाळा सोडून चुलत्याच्या होडीवर गेला. पुढे स्वतःची होडी केली, तिला इंजिन बसवलं. धाकट्याला मात्र त्याने पाण्यात उतरू दिलं नाही. "तू शीक," एवढंच म्हणायचा. पालघरच्या आय.टी.आय.ला विश्राम गेला तो रामूच्या जोरावर. हे रामूने कधी बोलून दाखवलं नाही, आणि विश्रामनेही कधी तोंडाने मानलं नाही. घरात तशी पद्धत नव्हती.

त्या वर्षी नारळी पुनवेला विश्राम घरी आला. किनाऱ्यावर पावसापुरत्या झावळ्यांनी शाकारून ठेवलेल्या होड्या उघडल्या होत्या, नवा रंग दिला होता. नारळ सोडून झाला, नारळीभात झाला. मग रामू म्हणाला, "चल, मांगल्या आंगनात. तुला कायतरी दाखवायचा हाय."

मागच्या अंगणात, मासळी सुकवायच्या मांडवापाशी, तंबू उभा होता.

जुन्या शिडाचा. इंजिन आल्यापासून माळ्यावर पडलेलं ते शीड रामूने उसवून, खळीच्या पाण्यात भिजवून, वाळवून पुन्हा शिवलं होतं. दाभणाने, मेण लावलेल्या दोऱ्याने, एकेक टाका जवळजवळ. कडांना दोर शिवलेला, कोपऱ्यांना पितळी कड्या. दोन्ही टोकांना बांबू. तळाला दुहेरी कापड. पावसाचे सगळे दिवस तो यावरच बसला होता, असं वत्सलावहिनी सांगू लागली. "जेवाया हाका मारल्या तरी उठायचा नाय."

"आत तर ये," रामू म्हणाला आणि स्वतःच आधी वाकून शिरला. विश्राम दारात वाकून बघत राहिला. रामू एका अंगाला पाठीवर निजला होता, हात पोटावर ठेवून, आणि त्याच्या शेजारी एका माणसाची जागा त्याने मोकळी सोडली होती.

"दोगांना पुरंल," तो वर बघत म्हणाला. "पाय लांब करून."

विश्रामला तेव्हाच सगळं कळलं. दादा म्हणजे सहा माणसांबरोबर होडीत आयुष्य काढलेला माणूस. जमिनीवर लांब म्हणजे लग्नकार्याला पालघर, एकदोनदा वसई. त्याला डोंगरात यायचं होतं. ते त्याला म्हणता येत नव्हतं, म्हणून त्याने हे शिवलं होतं.

आणि विश्रामच्या मनात पहिली आली ती धास्ती. खळं, ती सकाळ, ती शांतता, आणि शेजारी दादाचं खोकणं.

"जड होईल दादा," तो म्हणाला.

रामू उठून बसला. "किती जड? होडी वडून काडतो आमी."

"गाडीवर बांधायचाय. बांबू केवढे लांब आहेत. आडवे बांधले तर रस्ता अडेल."

"कापू की. मदी कापायचा, पत्र्याची नळी बसवायची. तू फिटर ना?"

"वास पण येतोय. मासळीचा. रानात मुंग्या लागतील."

"पुन्ना धुतो. रिठा घालून धुतो."

प्रत्येक अडचणीवर त्याच्याकडे उपाय होता, आणि प्रत्येक उपायासरशी विश्रामला चिडायला होत होतं. अडचणी खऱ्याच होत्या. त्या वजनाने घाटात गाडीचा तोल गेलाच असता. पण तो बोलत होता ते त्यासाठी नव्हतं, आणि हे दोघांनाही कळत होतं. शेवटी तो म्हणाला, "दादा, मला एकट्याला जायचंय. तिथं तरी मला कुणी नको."

वत्सलावहिनी हातातली परात घेऊन आत गेली.

रामू तंबूतून बाहेर आला. गुडघ्यांची माती झटकली. "बराबर हाय," तो म्हणाला. "तुज्या सुट्टीचा दिस हाय." मग त्याने बांबू काढले, कापड जमिनीवर पसरलं आणि शीड गुंडाळतात तसं नीट गुंडाळायला घेतलं. विश्राम मदतीला वाकला, तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे, तुला नाय जमायचा."

दसऱ्याला विश्रामने मुंबईहून एकट्याचा नारिंगी तंबू आणला. दुकानदाराने पुन्हा दोघांच्या तंबूचं विचारलं तेव्हा त्याने नुसती नकाराची मान हलवली.

पुढची काही वर्षं विश्राम दर हिवाळ्यात जात राहिला. सुखाची वर्षं होती ती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पहिल्याच खेपेला नायलॉनच्या आत श्वासाचं पाणी साचून ते तोंडावर ठिबकलं, मग दार थोडं उघडं ठेवायची युक्ती सापडली. सुकाचं खळं त्याचं ठरलेलं ठिकाण झालं. सुका-ठकी भट्टीवर जायच्या आत गेला तर ठकी नाचणीची भाकर द्यायची. दोघं निघून गेल्यावर गेला तर रान, डोंगर आणि तो. तिथून परतल्यावर आठवडाभर कारखान्यातला आवाज त्याला लागत नसे.

शिडाचा तंबू परत कुणी काढला नाही. एकदा दांडीला गेला असताना विश्रामला तो अंगणात दिसला. वहिनीने टाके उसवून कापड मोकळं केलं होतं आणि त्यावर जवळा वाळत घातला होता. त्याने तिकडे न बघितल्यासारखं केलं.

रामू मात्र दर वेळी विचारायचा, "कसा व्हता डोंगर?"

"बरा होता."

"थंडी?"

"होती."

"रानात सकाळी काय वाजतं? म्हंजे, दर्या नाय तर काय ऐकाया येतो?"

"काही नाही दादा, गप्प असतं."

रामू यावर विचार करत बसायचा. गप्प म्हणजे किती गप्प, पाखरं तरी असतील, वारा पानातून कसा येतो, हे सगळं त्याला ऐकायचं असायचं. विश्रामला दुसऱ्या दिवशीची पाळी दिसत असायची, अंग दुखत असायचं, आणि काही गोष्टी सांगितल्या की आपल्या उरत नाहीत असंही त्याला वाटायचं. तो आंघोळीला उठून जायचा. एखाद्या हिवाळ्यात दादाला मागे बसवून सकाळी जाऊन संध्याकाळी परत आणायचं, हे त्याने मनाशी घेतलं होतं. पण कधी होडीचा हंगाम जोरात असायचा, कधी गाडीचं काम निघालेलं असायचं, आणि खरं म्हणजे सुट्ट्या मोजक्याच असायच्या, त्यातली एक द्यायला जिवावर यायचं.

मग एका फाल्गुनात बंदरावर मासळीच्या टोपल्या उतरवताना रामू खाली बसला तो उठेना. उजवं अंग गेलं. बोईसरच्या दवाखान्यातून महिन्याभराने तो घरी आला तेव्हा काठीच्या आधाराने उंबऱ्यापर्यंत जाता येत होतं, आणि बोलणं जड, अर्धं तोंडातच राहणारं. होडी चुलतभावाच्या मुलांनी चालवायला घेतली.

विश्राम जेव्हा जेव्हा यायचा तेव्हा खाटेशेजारी बसायचा. आता दादा काही विचारत नव्हता. एके दिवशी विश्रामच म्हणाला, "दादा, डोंगरात जाऊया. जीप करतो. आडवं पडून ये, त्रास नाही व्हायचा."

रामूने त्याच्याकडे पाहिलं. डावा हात हलवला. तो होकार होता की काय, विश्रामला कळलं नाही. वहिनी म्हणाली, "जायाचा म्हनतो."

पौषातल्या एका सकाळी ते निघाले. पुढे विश्राम आणि ड्रायव्हर, मागच्या बाकावर गोधड्या टाकून रामू, त्याचं डोकं मांडीवर घेऊन वत्सलावहिनी. चिल्हारपर्यंत ठीक होतं. रामू खिडकीतून दिसेल तेवढं बघत होता. विक्रमगडच्या पुढे वळणं सुरू झाली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. वादळातही ज्याचं पोट कधी ढवळलं नाही तो माणूस जीपच्या वळणांनी ओकायला लागला. वहिनी पदराने तोंड पुसत होती. विश्रामने गाडी हळू घ्यायला सांगितली, मग आणखी हळू. पुन्हा उलटी झाली. रामूने डाव्या हाताने ड्रायव्हरच्या सीटवर थापट्या मारल्या.

एका मोहाच्या झाडाखाली त्यांनी जीप उभी केली. रामूला उतरवून बुंध्याला टेकवून बसवलं. समोर दूरवर डोंगर दिसत होता. सुकाचं रान त्याच्या पलीकडच्या अंगाला होतं.

"थोडंच राहिलंय दादा," विश्राम म्हणाला. "जरा बरं वाटलं की जाऊ. तिथं खळ्यावर निजायचं. मी सगळं आणलंय."

रामूने मान हलवली. नाही. तोंडातून शब्द काढायला त्याला वेळ लागला. "घरा."

"अरे, एवढं आलोय..."

"घरा," रामू म्हणाला. तो रागावला नव्हता. दमलेल्या मुलासारखं म्हणाला.

विश्राम त्याच्याजवळ मातीत बसला. आणि तो सांगू लागला. तिथे सकाळी काय असतं ते. आधी खरंच काही ऐकू येत नाही, मग दव पानावरून पानावर पडतं ते ऐकू येतं. मग खाली पाड्यावर कोंबडा आरवतो, तो आरवला की सुकाची शेळी ओरडते. वारा येतो तो आधी समोरच्या सागात येतो, ते नुसतं दिसतं, आणि बऱ्याच वेळाने आपल्यापर्यंत पोचतो. इतक्या वर्षांचं सगळं तो सांगत गेला. रामूचे डोळे मिटलेले होते. तो ऐकत होता की झोपला होता, विश्रामला कळलं नाही, आणि हलवून विचारायचा धीर झाला नाही. मग ड्रायव्हरच्या मदतीने त्यांनी त्याला उचलून जीपमध्ये घातलं आणि गाडी मागे वळवली.

रामू त्यानंतर दोन पावसाळे होता. तिसऱ्या पावसाळ्यात, होड्या शाकारलेल्या असताना, गेला.

विश्रामचं डोंगरात जाणं कमी होत होत थांबलं. मुद्दाम थांबवलं नव्हतं. शेवटच्या वेळी गेला तेव्हा सुकाची मुलं मोठी झाली होती, खळ्याच्या जागी कुडाचं नवीन घर होतं. त्याने थोडं पुढे तंबू उभारला, बाहेर बसला, आणि काही केल्या त्याचं मन तिथे लागेना. पूर्वी जी शांतता हवीहवीशी वाटायची तिच्यात आता त्याला दादाचा "बराबर हाय" ऐकू येत होता. दिवस मावळायच्या आत त्याने तंबू उतरवला आणि तो बोईसरला परतला.

आता तो सुट्टीला दांडीला जातो. एकदा असाच गेला असताना वत्सलावहिनी अंगणात बोंबील वाळत घालत होती. तो सहज बोलून गेला, "वयनी, तेव्हा दादाला नेला असता तर काय बिघडलं असतं? एखाद्या वर्षी. एकदाच."

हातातले बोंबील जोडीजोडीने काठीवर टांगून झाल्यावर वहिनी म्हणाली, "आता बोलून काय व्हनार? त्याच्या मनाला लागला व्हता, ता खरा हाय. बरेच दिस लागला व्हता."

विश्रामने मान खाली घातली. निदान ती खोटं बोलली नाही.

"पन त्या दिशी," ती पुढे म्हणाली, "जीपमदी. तुमी दोगं त्या झाडाखाली बसला ना, तवा मी रस्त्याच्या कडंला जाऊन हुबी ऱ्हायली व्हती. केवडा डोंगर! मला पुडं जावासा वाटत व्हता. लई वाटत व्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कोनी इचारला?"

ती हे तक्रारीने म्हणाली नाही. शिडाचा तंबू, नारिंगी तंबू, जीप, या सगळ्यात तिला काय हवं असेल हे विश्रामच्या मनातही आलं नव्हतं. दादाच्याही आलं नसावं.

"आता जाऊ," तो म्हणाला. "एस.टी.नं जाऊ. सकाळी निघून संध्याकाळी परत."

"आता माजे गुडगे कुटं चालतात," वहिनी म्हणाली आणि पाटीतला पुढचा बोंबील उचलला. "आन् हे कोन बगील? कावळं टपून हायेत."

विश्रामने पाटी तिच्याजवळ सरकवली आणि दुसऱ्या बाजूने काठीवर बोंबील टांगायला लागला.